कॉव्हेंट्री: बॉम्ब कारखान्यांसाठी आले, मग आठवण चर्चचीच का राहिली?

नोव्हेंबर आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरावर जर्मन विमानं येणार हे चर्चिलला आधीच माहीत होतं, पण आपण जर्मनांचा सिक्रेट कोड फोडलाय हे त्यांना कळू नये म्हणून तो गप्प बसला आणि अख्खं शहर जळू दिलं. खाली 'याला म्हणतात लीडरशिप' वगैरे दोन ओळी. मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये सुद्धा ही गोष्ट ऐकवतात, आणि ऐकायला ती झकास आहे, फक्त जशी सांगतात तशी खरी नाही, त्यावर खाली येतोच.

दुसरं म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा या गावाशी आता थेट संबंध आलाय. जग्वार लँड रोव्हर (जेएलआर) ही मोटार कंपनी २००८ पासून टाटांची आणि तिचं मुख्य ऑफिस कॉव्हेंट्रीच्या व्हिटली भागात, त्यामुळे पुण्या-पिंपरीतले इंजिनियर तिकडे जाऊन-येऊन असतात, काही तर तिथलेच झालेत. वीकेंडला सिटी सेंटरला गेले की त्या छप्पर नसलेल्या पडक्या कॅथेड्रलचा फोटो टाकतात, कॅप्शन साधारण असं की हिटलरने चर्चवर बॉम्ब टाकला. हेही अर्धंच खरं. जर्मन विमानं चर्च पाडायला आलीच नव्हती, ती आली होती कारखान्यांसाठी. मग ८५ वर्षांनी लोकांच्या डोळ्यांसमोर चर्च उभं राहतं आणि कारखाना राहत नाही हे कसं झालं, हे कळलं तर या विषयातला बराचसा गुंता सुटतो.

## आधी हे गाव होतं काय ते बघू

कॉव्हेंट्री म्हणजे कारागिरांचं गाव. आधी रेशमी फिती विणणारे, मग घड्याळवाले, मग सायकलवाले. आज आपण चालवतो तशी, म्हणजे दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल १८८५ साली जे. के. स्टार्लीने इथेच 'रोव्हर' नावाने काढली. १८९६ ला डेमलर ही मोटार कंपनी आली. मग हंबर, स्टँडर्ड, अल्व्हिस, आर्मस्ट्राँग सिडली अशी रांगच लागली, शिवाय अल्फ्रेड हर्बर्टची मशीन टूल्स, म्हणजे मशीन बनवणारी मशीन. १९३० च्या दशकात लढाईची चिन्हं दिसायला लागली तशी यातली बरीच मंडळी विमानाची इंजिनं, सुटे भाग, लष्करी गाड्या बनवायला लागली. कामासाठी लोक लोटले आणि लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या वर गेली.

या गावाची ठेवण नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. इथे कारखाना एका टोकाला आणि वस्ती दुसऱ्या टोकाला असं नव्हतं. हिलफील्ड्समधले विणकर आणि चॅपलफील्ड्समधले घड्याळवाले राहायचे त्या घरांना 'टॉपशॉप' म्हणत, खाली स्वयंपाक, मुलंबाळं, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर भरपूर उजेड यावा म्हणून लांबलचक खिडक्या लावलेली काम करायची खोली. कॅश नावाच्या भावांनी तर घरांची ओळ बांधून वरच्या मजल्यांवरच्या मागांना वाफेच्या इंजिनाची शक्ती पुरवली होती. पुढे मोठे कारखाने आले ते सुद्धा याच दाटीत, जुन्या गल्ल्यांच्या मागे, घरांच्या परसाला लागून. लढाईच्या आधी सरकारने गावाबाहेर 'शॅडो फॅक्टऱ्या' उभ्या केल्या, म्हणजे सरकारी पैशाने बांधलेले पण मोटार कंपन्यांनी चालवायचे विमान-इंजिनांचे जोडकारखाने. ब्राउन्स लेन, बॅनर लेन, रायटन या त्यातल्याच. पण जुनी वर्कशॉपं जिथे होती तिथेच राहिली.

## १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री नेमकं काय झालं

छोटे-मोठे हल्ले त्या उन्हाळ्यापासूनच चालू होते. ही रात्र वेगळी होती. कडाक्याची थंडी, स्वच्छ आकाश, जवळजवळ पूर्ण चंद्र. जर्मनांनी मोहिमेला नाव दिलं होतं 'मूनलाइट सोनाटा'. संध्याकाळी सात वीसच्या सुमारास पहिली डझनभर विमानं आली, शेवटचा भोंगा पहाटे सव्वासहाला वाजला. अकरा तास. साडेचारशेच्या आसपास विमानं येऊन गेली आणि त्यातलं फक्त एक पडलं. रात्रीच्या अंधारात विमान शोधून पाडणं तेव्हा ब्रिटिशांना जमतच नव्हतं.

पहिल्या डझनभर विमानांचं काम होतं जागा दाखवायचं. रात्री जमिनीवर ब्लॅकआउट, मग शहर सापडायचं कसं? त्यासाठी 'एक्स-गेरेट' नावाची रेडिओ यंत्रणा. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून शहराच्या दिशेने एक अरुंद रेडिओ झोत सोडायचा. वैमानिकाच्या कानात एकसलग सूर येत असेल तर विमान रेषेवर आहे, डावी-उजवीकडे सरकलं की सुराचे तुकडे व्हायचे, एका बाजूला ठिपके, दुसऱ्या बाजूला लांब डॅश. शहराच्या थोडं अलीकडे दुसरे झोत या रेषेला आडवे कापायचे, त्या दोन काटांमधला वेळ घड्याळात मोजला की विमानाचा खरा वेग निघायचा आणि बॉम्ब आपोआप सुटायचे. ब्रिटिशांनी हा सूर बिघडवायला ट्रान्समीटर लावले होते, पण त्यांचा सूर १५०० हर्ट्झचा आणि जर्मनांचा २००० चा, त्यामुळे जर्मन यंत्राने तो सरळ गाळून टाकला. एवढ्याशा आकड्याने घात केला, असं निदान आर. व्ही. जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नंतर मांडलं.

या पहिल्या विमानांनी आगबॉम्ब टाकले. आगबॉम्ब म्हणजे फुटून भिंत पाडणारा नव्हे, तर छपरावर पडून जळत राहणारा छोटा मॅग्नेशियमचा नळा. त्या रात्री असे तीस हजारांच्या वर पडले आणि सोबत सुमारे ५०० टन फुटणारे बॉम्ब. हे दोन्ही एकत्र का, ते चूल पेटवलेल्या कुणालाही कळेल. नुसता मोठा ओंडका काडीने पेटत नाही. आधी त्याच्या ढलप्या काढायच्या, हवा खेळेल अशा रचायच्या, मग ठिणगी द्यायची आणि फुंकणीने फुंकायचं. फुटणाऱ्या बॉम्बने कौलं उडतात, खिडक्या जातात, आतलं लाकूड उघडं पडतं आणि वारा आत शिरतो, आगबॉम्ब त्यात ठिणगी टाकतो. वर फुटणारे बॉम्ब रस्त्याखालचे पाण्याचे नळही फोडतात आणि आग विझवणाऱ्याला बाहेर यायची भीती घालतात. कॉव्हेंट्रीचा मधला भाग जुन्या लाकडी घरांचा होता, म्हणजे ढलप्या आधीच काढून ठेवल्यासारख्या.

सेंट मायकेल हे चौदाव्या-पंधराव्या शतकातलं चर्च, १९१८ पासून कॅथेड्रल. त्या रात्री छपरावर चौघं पहाऱ्याला होते, प्रोव्होस्ट रिचर्ड हॉवर्ड (म्हणजे कॅथेड्रलचे मुख्य धर्मगुरू), जॉक फोर्ब्स नावाचा साठी ओलांडलेला गवंडी आणि दोन तरुण. पहिले काही आगबॉम्ब त्यांनी वाळू टाकून, हाताने उचलून खाली फेकून विझवले. मग एक शिशाच्या पत्र्याखाली लाकडात जाऊन अडकला, तो बाहेर निघेना. सोलिहलहून बंब आला, पाइप जोडला, पाणी मारायला लागले आणि थोड्याच वेळात पाणी संपलं, नळ फुटले होते. त्यानंतर चौघांच्या हातात एवढंच राहिलं की क्रॉस, मेणबत्तीदाण्या असं काय काय उचलता येईल ते बाहेर आणायचं. बाहेरच्या भिंती आणि सुमारे ९० मीटर उंच मनोरा सोडला तर सगळं गेलं.

## किती माणसं गेली, किती कारखाने गेले

मेलेल्यांचा साधारण मानला जाणारा आकडा ५६८. 'साधारण' म्हणायचं कारण बरेच मृतदेह ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. आठशेहून जास्त लोक गंभीर जखमी. सुमारे ४,३०० घरं पूर्ण गेली आणि शहरातल्या दोन तृतीयांश इमारतींचं काही ना काही नुकसान झालं. २० आणि २३ नोव्हेंबरला लंडन रोडच्या दफनभूमीत एकत्र दफनविधी झाले, लांब चर खणून ओळीने शवपेट्या. पुढे एप्रिल १९४१ मध्ये परत दोन मोठे हल्ले झाले, त्यात आणखी चारशेहून जास्त लोक गेले, पण एप्रिल कुणाच्या लक्षात नसतो.

कारखान्यांचं म्हणाल तर साधारण एक तृतीयांश उद्ध्वस्त किंवा जबर जखमी आणि तेवढेच आणखी बऱ्यापैकी मोडलेले. तरी उत्पादन काही आठवड्यांत बरंचसं सावरलं. मशीन टूल ही मजबूत वस्तू, वरचं छप्पर उडालं तरी खाली लेथ शाबूत असतो, ताडपत्री टाकून काम चालू करता येतं. आणि मोठ्या शॅडो फॅक्टऱ्या गावाबाहेर वाचल्या होत्या. म्हणजे ज्या कामासाठी एवढा घाट घातला ते काम अर्धवटच झालं, आणि ज्यांना 'आनुषंगिक' म्हणतात ती घरं मात्र हजारांनी गेली.

लोक डगमगले नाहीत, सगळ्यांनी हसतमुखाने सामना केला, ही ब्रिटिशांची आवडती आठवण. त्या वेळी 'मास ऑब्झर्व्हेशन' नावाची संस्था सामान्य लोकांच्या वागण्या-बोलण्याच्या नोंदी ठेवायची, तिच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी गावात फिरून लिहिलं की इतकी भीती, रडारड आणि उन्माद त्यांनी आधीच्या दोन महिन्यांत सगळीकडे मिळून पाहिला नव्हता. अंधार पडायच्या आत लोक पोरंबाळं घेऊन आसपासच्या खेड्यांकडे निघायचे आणि सकाळी कामाला परत यायचे. मला यात कमीपणा काही वाटत नाही. रात्री खेड्यात जाऊन झोपणारा माणूस सकाळी पाळीला हजर होता, यापेक्षा जास्त काय हवं.

## पण कारखाने होते ना, मग हल्ला चुकीचा कसा?

हा आक्षेप रास्त आहे आणि टाळून चालणार नाही. कॉव्हेंट्री खरोखरच युद्धसाहित्याचं गाव होतं. आज जिथे जेएलआरचं व्हिटलीचं सेंटर आहे त्या जागेवर आर्मस्ट्राँग व्हिटवर्थचा विमानतळ आणि कारखाना होता, आणि याच परिसरावरून नाव पडलेली 'व्हिटली' ही बॉम्बर विमानं कंपनीने कॉव्हेंट्रीत बनवली. ती १९४० च्या मे महिन्यापासून जर्मनीतल्या गावांवर बॉम्ब टाकत होती. त्यामुळे 'निष्पाप शहरावर अकारण हल्ला' हे काही पटणारं नाही. जर्मन प्रचारखात्याने तर हा म्युनिकवरच्या ८ नोव्हेंबरच्या ब्रिटिश हल्ल्याचा बदला आहे असंही सांगितलं.

पण जर्मनांच्या बाजूनेही एक गोष्ट लपत नाही. तीस हजार आगबॉम्ब पोलादी मशीनच्या शॉपसाठी कुणी आणत नाही, ते घरांसाठी आणि दाटीसाठी असतात. कारखान्यांची यादी हाताशी होती, तरी टाकताना वापरलेली पद्धत अख्ख्या मधल्या शहराला पेटवायची होती. दोन्ही हेतू एकाच रात्री, एकाच विमानात होते. कारखाना आणि घर एकमेकांत गुंतलेलं असलं की हल्लेखोराला हे फार सोयीचं पडतं, कारण कुणी विचारलं तर कारखान्याकडे बोट दाखवता येतं.

## आणि चर्चिलला माहीत होतं त्याचं काय?

ही कथा १९७४ साली पसरली. एफ. डब्ल्यू. विंटरबॉथम हे लढाईत गुप्त संदेशांच्या वाटपाचं काम पाहणारे निवृत्त अधिकारी, त्यांनी आठवणींच्या पुस्तकात लिहिलं की दुपारी तीनच्या सुमारास कॉव्हेंट्रीचं नाव कळलं होतं आणि ते चर्चिलपर्यंत पोचवलं होतं. त्यांनी हे तीसेक वर्षांनी, कागद समोर नसताना लिहिलं. नंतर कागद खुले झाले तेव्हा चित्र वेगळं निघालं.

फोडलेल्या संदेशांवरून ११ नोव्हेंबरला एवढं कळलं होतं की मोठा हल्ला येतोय आणि त्याचं नाव मूनलाइट सोनाटा. लक्ष्यांना टोपणनावं होती, कॉव्हेंट्रीचं होतं 'कॉर्न', पण ते कॉव्हेंट्रीचं आहे हे कुणाला उमगलं नव्हतं. एका पकडलेल्या जर्मन वैमानिकाच्या बोलण्यात कॉव्हेंट्री आणि बर्मिंगहॅमचा उल्लेख आला होता, पण हवाई खात्याचा कल लंडन आणि दक्षिणेकडे होता. १४ तारखेला दुपारी रेडिओ झोत कॉव्हेंट्रीवर एकमेकांना कापताहेत हे कळलं, तोवर विमानं यायला चार-पाच तास उरले होते. आणि चर्चिल? तो त्या दुपारी लंडनबाहेर निघाला होता, गाडीत कागद वाचला आणि हल्ला लंडनवर आहे असं समजून उलटा लंडनला परतला. ज्याला कॉव्हेंट्री माहीत आहे तो लंडनच्या गच्चीवर जाऊन विमानांची वाट कशाला बघेल? हे त्याच्या सेक्रेटरीने सांगितलेलं आहे आणि ते कागदांशी जुळतं.

तरी आधी कळलं असतं तरी फार काही झालं असतं असं नाही. अडीच लाखांचं गाव चार तासांत रिकामं करणं शक्य नव्हतं आणि आकाशात विमान गाठायचं तंत्र हाताशी नव्हतं. बंब थोडे जास्त आले असते. कटाची गोष्ट मात्र टिकते, कारण तिच्यात कुणीतरी एक माणूस सगळं ठरवत असतो. चुकीच्या हर्ट्झवर लावलेला ट्रान्समीटर फॉरवर्ड करायला कोण बसतो!

## ब्रिटनने यातून काय धडा घेतला?

हा भाग स्मरणसभांमध्ये हळू आवाजात सांगितला जातो. ब्रिटिश हवाई दलाने कॉव्हेंट्रीचं नुकसान बारकाईने अभ्यासलं आणि त्यांच्या लक्षात आलं की कारखाना जेवढा बॉम्बने बंद पडला त्यापेक्षा पाणी, गॅस, ट्राम, टेलिफोन आणि घरं गेल्यामुळे जास्त खोळंबला. कामगाराला राहायला जागा नसेल तर मशीन शाबूत असून काय उपयोग. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात मग स्पष्टच लिहिलं गेलं की लक्ष्य म्हणजे शत्रूच्या नागरिकांचं, त्यातही औद्योगिक कामगारांचं मनोधैर्य. याला म्हणतात 'एरिया बॉम्बिंग', म्हणजे एखादी इमारत हेरण्याऐवजी अख्ख्या वस्तीवरच बॉम्ब टाकणं. पुढच्याच महिन्यात चर्चिलचे सल्लागार लिंडेमन यांनी टिपण दिलं की जर्मन कामगारांची घरं पाडली की त्यांचा धीर सुटेल. गंमत म्हणजे (गंमत म्हणू नये खरं तर) हल आणि बर्मिंगहॅमच्या ज्या पाहणीचा आधार घेतला, त्या पाहणीत लोकांचा धीर सुटल्याचं आढळलंच नव्हतं.

मग जर्मनीत मार्च १९४२ ला ल्युबेक, मे मध्ये हजार विमानांनी कोलोन, जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्ग. हॅम्बुर्ग हे सुद्धा कारखान्यांचं, गोद्यांचं शहर. पण मोठ्या गोद्या नदीच्या पलीकडे, आणि २७-२८ जुलैच्या रात्री जो आगीचा वणवा उठला त्यात जळाले अलीकडचे हॅमरब्रूक, हॅम, रोटेनबुर्गसोर्ट हे कामगारांचे मोहल्ले. त्या मोहिमेत साधारण ३५ ते ४० हजार माणसं गेली. कॉव्हेंट्रीत गेलेल्यांच्या साठ-सत्तर पट.

'सुरुवात कुणी केली' हे इथे लगेच येतं. रॉटरडॅम, वॉर्सा, लंडनवर जर्मनांनी आधी बॉम्ब टाकले, हे खरंच आहे. पण हॅमरब्रूकच्या तळघरात गुदमरलेल्या पोराला त्याने काय फरक पडतो ते मला कळत नाही.

## मग आठवण चर्चचीच का?

एक साधं कारण सेन्सॉर. युद्धात कारखान्याचं नुकसान छापायला बंदी असते, शत्रूला आयती माहिती मिळते. एरवी तर शहराचं नावही देत नसत, 'मिडलँड्समधलं एक गाव' एवढंच. कॉव्हेंट्रीचं नाव मात्र दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, आणि फोटो छापायचे तर कशाचे? अल्व्हिसच्या शेडचा चालणार नव्हता, चर्चचा चालत होता. मोडलेल्या कमानी, आत ढिगारा, वर उघडं आभाळ. १६ तारखेला राजा येऊन गेला, पुढच्या वर्षी चर्चिल त्या ढिगाऱ्यातून चालताना फोटो निघाला. अमेरिका तेव्हा लढाईत नव्हती, तिथल्या वाचकाला जळालेलं चर्च लगेच भिडतं, मशीन टूलचा कारखाना भिडत नाही. थोडक्यात, जे छापता येत होतं तेच आठवणीत राहिलं.

दुसरं कारण माणसं. फोर्ब्सने दोन जळकी तुळया आडव्या-उभ्या पडलेल्या पाहिल्या, त्यांचा क्रॉस बांधून उभा केला. आर्थर वेल्स नावाच्या स्थानिक पाद्र्याने छपरातून गळून पडलेले जुने हातघडणीचे खिळे तारेने बांधून छोटा क्रॉस केला. आणि हॉवर्डने त्याच वर्षीच्या नाताळात, हल्ल्याला सहा आठवडेही झाले नव्हते तेव्हा, त्या पडक्या चर्चमधून रेडिओवर सांगितलं की बदल्याचा विचार मनातून काढायचा प्रयत्न आपण करतोय. नोव्हेंबर-डिसेंबर १९४० मध्ये हे बोलायला छाती लागते. १९४८ साली त्याने वेदीमागच्या भिंतीवर 'फादर फरगिव्ह' हे दोन शब्द कोरून घेतले. मग तसेच खिळ्यांचे क्रॉस कील, ड्रेस्डेन, बर्लिन अशा जर्मन शहरांना पाठवले गेले. बासिल स्पेन्सने आराखडा केलेलं नवं कॅथेड्रल १९६२ ला उघडलं, ते जुन्याच्या शेजारी, जुनं पाडून नव्हे. पडक्या भिंती तशाच ठेवल्या.

## माफ करणं सोपं असतं हो, जिंकलेल्यांना

असं म्हणणारे आहेत, इंग्लंडमध्येही आहेत. जिंकलेल्या देशाने मोठ्या मनाने माफ केलं की आपल्या विमानांनी काय केलं तो प्रश्न बाजूला पडतो, असा त्यांचा मुद्दा. त्यात तथ्य आहे. बॉम्बर कमांडचा, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचा, प्रमुख आर्थर हॅरिस, त्याचा पुतळा १९९२ साली लंडनमध्ये उभा राहिला तेव्हा जर्मनीतून आणि ब्रिटनमधूनही विरोध झाला. दुसरीकडे त्याच्या हाताखालची ५५ हजारांहून जास्त पोरं विमानात मेली आणि त्यांचं मोठं स्मारक लंडनला व्हायला २०१२ उजाडावं लागलं.

पण कॉव्हेंट्रीने नुसते शब्द दिले नाहीत एवढं मान्य करावं लागेल. १९४४ मध्येच स्टालिनग्राडशी जुळं शहर म्हणून नातं जोडलं, त्याआधी इथल्या आठशेहून जास्त बायकांनी आपली नावं भरतकामाने टाचलेला टेबलक्लॉथ तिकडे पाठवला होता. १९५९ ला ड्रेस्डेनशी नातं, म्हणजे थेट आपल्या विमानांनी जाळलेल्या गावाशी. १९६१ मध्ये जर्मन तरुण कॉव्हेंट्रीत येऊन पडक्या कॅथेड्रलच्या आवारात खोल्या बांधून गेले, १९६५ मध्ये ब्रिटिश तरुण ड्रेस्डेनला जाऊन बॉम्बने मोडलेलं हॉस्पिटल उभं करायला राबले. ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे हे चर्च पुन्हा बांधलं, त्याच्या कळसावरचा सोनेरी क्रॉस लंडनच्या एका कारागिराने घडवला, त्याचे वडील त्या हल्ल्यातल्या एका विमानात होते.

आठवण ठेवण्यात आकड्यांची इमानदारीही येते. ड्रेस्डेनमध्ये दोन लाखांवर माणसं मेली असं नाझी प्रचारखात्याने पसरवलं, आणि आजही १३ फेब्रुवारीला तिथे निओ-नाझी तो आकडा घेऊन मोर्चे काढतात. शहराने इतिहासकारांची समिती बसवली, तिने २०१० मध्ये सांगितलं की आकडा जास्तीत जास्त २५ हजार. कमी आकडा मान्य करणं हा मेलेल्यांचा अपमान आहे असं काहींना वाटलं. मला तर उलट वाटतं, फुगवलेला आकडा मेलेल्यांच्या कामाचा नसतोच, तो जिवंतांना वापरायला हवा असतो.

## जुनं सुंदर शहर बॉम्बने नेलं, हे तरी खरं ना?

पूर्ण नाही. बुचर रो ही जुन्या लाकडी घरांची प्रसिद्ध गल्ली, ती १९३६ साली नगरपालिकेनेच रस्तारुंदीसाठी पाडली. शहराचे तरुण आर्किटेक्ट डोनाल्ड गिब्सन यांनी मोकळ्या, आधुनिक सेंटरचं प्रदर्शन मे १९४० मध्ये भरवलं होतं, म्हणजे हल्ल्याच्या सहा महिने आधी. बॉम्बने त्यांची जागा मोकळी करून दिली म्हणा ना. मग गाड्यांना मज्जाव असलेला खरेदीचा चौक झाला, युरोपातल्या अशा पहिल्यांपैकी एक, मोटारी बनवणाऱ्या गावात! बॉम्बमधून वाचलेली काही जुनी घरं नंतर रस्त्यांच्या आड आली, ती सुटी करून स्पॉन स्ट्रीटवर नेऊन बसवली. आज तिथे फोटो काढणाऱ्याला वाटतं की हा कोपरा बॉम्बमधून वाचला, पण यातली काही घरं मूळची त्या रस्त्यावरची नाहीतच.

## आज हे झालं तर कायदा काय म्हणतो?

१९४० मध्ये हवाई हल्ल्यांचा वेगळा, सगळ्यांनी मान्य केलेला करार नव्हता, १९२३ साली हेगमध्ये एक मसुदा झाला होता पण तो कुणी लागू केला नाही. न्युरेंबर्गच्या खटल्यांतही शहरांवरच्या बॉम्बफेकीचा विषय कुणी फारसा उकरला नाही, उघडच आहे, दोन्ही बाजूंचे हात त्यात होते. १९७७ मध्ये जिनिव्हा करारांना पहिला पुरवणी करार जोडला गेला, त्याच्या कलम ५१ मध्ये एरिया बॉम्बिंगला बंदी आली. एखाद्या गावात चार वेगवेगळी लष्करी लक्ष्यं असतील तर सगळ्या गावाला एकच लक्ष्य मानून झोडपायचं नाही. शिवाय लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होणार असेल तरी हल्ला करायचा नाही. ब्रिटन आणि जर्मनीने तो मान्य केलाय, अमेरिकेने सही केली पण पक्का केला नाही, भारत त्यात नाही.

कलमातली अट मात्र अशी की ती लक्ष्यं एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळी ओळखू येणारी हवीत. टॉपशॉपच्या गल्लीत, जिथे खाली चूल आणि वर वर्कशॉप, तिथे स्पष्ट वेगळं काय काढणार? डोंबिवलीच्या एमआयडीसीत किंवा पिंपरी-चिंचवडला कंपनीच्या कंपाउंडला लागून सोसायट्या उभ्या आहेत, संरक्षणखात्याचे सुटे भाग करणारं छोटं युनिट कुठल्या गाळ्यात आहे हे शेजाऱ्यालाही माहीत नसतं, आणि अशा ठिकाणी नेमकं लक्ष्य कुठलं आणि हानी 'अवाजवी' कधी होते हे हल्ल्याआधी पहिल्यांदा ठरवतो तो बॉम्ब टाकणाराच.